चौसष्ट घरं, पासष्ट गाठी

झाकण नऊला उघडायचं, पण पावणेनऊलाच सगळी कॉलनी मागच्या पटांगणात जमायची. पुढे म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या, त्यांच्या मागे हातात डबे घेतलेली ऑफिसला निघालेली मंडळी, आणि सगळ्यात मागे एरवी पाच मिनिटं उशीर झाला तरी घर डोक्यावर घेणाऱ्या आया, ज्या इथे मात्र पाव तास गप उभ्या राहत.

कंपाउंडच्या भिंतीला चिकटून सिमेंटचा चौथरा होता आणि त्यावर छातीइतक्या उंचीचं एक पोलादी पिंप. पिंप म्हणायचं नाही, कुंड म्हणायचं. सकाळी सातला प्रत्येक घराने आपला कचरा एकाच पिशवीत कोंबून त्यात टाकायचा. आठ ते साडेआठ मौनघटिका. तेव्हा मागच्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवायच्या आणि गच्चीवरच्या कर्ण्यातून स्वामींचा जप ऐकायचा, तोही असा की शेजारी छत कोसळलं तरी कळू नये. नऊ वाजता अग्निस्वामी तीन पायऱ्या चढत, झाकण उचलत आणि शांतपणे म्हणत, "शून्य."

लोक रांगेने डोकावत. खरोखरच शून्य. तळाशी ओंजळभर पांढरी, सुगंधी राख. स्वामी ती चिमूट चिमूट वाटत आणि लोक ती जिभेवर ठेवून डोळे मिटत.

"ज्वाळा दिसत नाही, कारण ही दृष्टीपलीकडची ज्वाळा आहे," स्वामी सांगत. "धूर येत नाही, कारण धूर अहंकाराचा असतो. तुमच्या कचऱ्याला अहंकार राहिलेला नाही."

आपल्या कचऱ्याची एवढी आध्यात्मिक प्रगती झालेली ऐकून सेक्रेटरीसाहेबांचा ऊर भरून येई.

खरं सांगायचं तर ज्वाळेबद्दल कोणाला फारशी आस्था नव्हती. स्वामींचा खरा चमत्कार वेगळाच होता. त्यांनी प्रत्येक स्वयंपाकघरातून एक बादली कमी केली होती.

कारण त्याआधी चार वर्षं त्या कॉलनीत बादलीबाईचं राज्य होतं.

बादलीबाई कचरा गोळा करायची. तिने घराघरांत दोन बादल्या ठेवायला लावल्या, हिरवी ओल्याला आणि निळी सुक्याला, म्हणून हे नाव. पहिलं वर्ष तिने दारोदार भांडण्यात घालवलं. "ताई, अंड्याचं टरफल निळीत का?" "काका, बॅटरी कुजत नाही हो, तुम्ही कितीही वाट बघा." दुसऱ्या वर्षी लोक वैतागून शिकले. तिसऱ्या वर्षी पाहुण्यांना फुशारकीने दाखवू लागले. बागेच्या कोपऱ्यात तिने सहा खड्डे केले. त्यांत ओला कचरा, वाळका पालापाचोळा आणि गांडुळं. दर दोन महिन्यांनी काळीभोर माती निघायची. ती कुंड्यांना जायची, उरलेली रोपवाटिकेला. ही गांडुळं ती घरच्या माणसांसारखी सांभाळायची. कडक ऊन पडलं की काम सुरू करण्याआधी खड्ड्यांवर ओली पोती टाकायची.

मग स्वामी आले. तळमजल्यावरच्या पाहुण्यांच्या खोलीत उतरले, त्यांनी भिंतीशी कुंड बसवलं आणि आठवड्यात त्यांना साक्षात्कार झाला की कॉलनीतल्या सांधेदुखीचं, परीक्षेतल्या नापासांचं आणि लिफ्ट बंद पडण्याचं मूळ त्या सहा खड्ड्यांत आहे. रविवारी सकाळी सगळ्यांच्या देखत खड्ड्यांत विटांचे तुकडे आणि मुरूम ओतला गेला. बादलीबाई धावत आली, तेव्हा पाचवा खड्डा भरत होता.

"अहो, निदान गांडुळं तरी काढू द्या," ती म्हणाली.

स्वामींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लोकांकडे बघत म्हणाले, "जो हात कुजकं हाताळतो, तो हात या आवारात नको."

ती एकेकाच्या तोंडाकडे बघत गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्यांची चुकून फेकलेली कवळी तिने बादलीभर सालांतून शोधून दिली होती, बुटांची नाडी बांधू लागल्या. सेक्रेटरीसाहेबांनी आकाशात पक्षी शोधला. फक्त तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर, जन्मभर विज्ञान शिकवलेले, पुढे होऊन म्हणाले, "त्या राखेचं एकदा वजन तर करू." त्यांना सगळ्यांनी मिळून खाली बसवलं.

त्या दिवशी बादलीबाईने घरी येऊन तीनदा साबणाने हात धुतले. तिसऱ्यांदा धुताना तिला स्वतःचाच असा संताप आला की साबण भिंतीवर आपटला. चौसष्ट घरांच्या चौसष्ट माना, आणि मास्तरांची सोडली तर एक वर झाली नाही. तिने त्या सगळ्या लक्षात ठेवल्या. तिची स्मरणशक्ती चांगली होती, धंद्याची सवयच ती.

सासूबाई साबणाचे तुकडे वेचत म्हणाल्या, "फोड, फोड. नवा साबण स्वामी आणून देतील."

सासूबाई सुरकुतलेल्या, काटकुळ्या आणि जिभेने धारदार. त्यांचं घर म्हणजे शहराच्या कडेला, बंद पडलेल्या वीटभट्टीमागच्या वस्तीतल्या दोन खोल्या. भट्टीसाठी माती उपसून झालेला मोठा खड्डा मागच्या दारापासून चाळीस पावलांवर. त्यात पाणी साठायचं, वस्तीतल्या बाया तिथे कपडे धुवायच्या. सून दुसऱ्या वसाहतीत मिळेल ते काम शोधत पहाटेच बाहेर पडायची, अंधारल्यावर परतायची, म्हणून दिवसा तिथे काय घडतं ते फक्त सासूबाईंना ठाऊक. त्यांनी तीन महिने काही सांगितलं नाही, कारण त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

कुंडाच्या एकोणनव्वदाव्या दिवशी त्या सहज म्हणाल्या, "तुझ्या सेक्रेटरीने चहा बदलला वाटतं. आता हिरव्या पुडीचा पितो."

"तुम्हाला काय माहीत?"

"आपल्या खड्ड्यात येतात ना पुड्या, त्याच्या नावाच्या पाकिटांसकट. दुधाच्या टेम्पोतून. रोज सकाळी."

बादलीबाई हातातली भाकरी ठेवून उठली.

खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर पिशव्यांचा डोंगर होता. खालचं पाणी काळं पडलं होतं, त्यावर तेलाचा तवंग. ती जवळ गेली आणि तिला पिशव्या ओळखू आल्या, जशी आईला शाळेच्या गर्दीत पोरं ओळखू येतात. चार वर्षं ज्या पिशव्या उचलल्या, त्यांच्या गाठी माणसांच्या सहीसारख्या असतात. सेक्रेटरी दोन गाठी मारून वर रबर लावायचा. कवळीवाल्या काकू सगळं वर्तमानपत्रात गुंडाळायच्या आणि त्यातलं शब्दकोडं अर्धवट सोडलेलं असायचं. चौथ्या मजल्यावरच्या डॉक्टरची गाठ टाक्यासारखी.

दृष्टीपलीकडची ज्वाळा तिच्या मागच्या दारी जळत होती, बहुतेक चिखलात.

"आत्याबाई," ती म्हणाली, "हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"मला वाटलं तुला माहीत असेल. तुझेच लोक ना ते."

दुसऱ्या दिवशी आठच्या सुमाराला ती कॉलनीमागच्या गल्लीत जाऊन उभी राहिली. भिंतीवर पत्र्याची मोठी पाटी होती: 'येथे कचरा टाकू नये.' कर्ण्यावर जप सुरू झाला. 'शुद्ध दूध' लिहिलेला बंद टेम्पो मागे मागे येत पाटीला टेकला. चालकाने पाटीची कडी काढली, पाटी दारासारखी उघडली. मागे भिंतीत चौकोनी भोक, भोकापलीकडे कुंडाच्या बुडाशी असलेली झडप. त्याने फावड्याने चौसष्ट घरांचा अहंकार दहा मिनिटांत टेम्पोत ओढला, खिशातल्या पुडीतली राख आत भुरभुरली, पाटी लावली आणि निघून गेला.

ती मास्तरांकडे गेली. मास्तरांनी सगळं ऐकलं आणि चष्मा पुसला. "मी मुलांना तीस वर्षं शिकवलं, वस्तू नाहीशी होत नाही, फक्त जागा किंवा रूप बदलते. त्यांतली निम्मी मुलं आज खालच्या रांगेत उभी राहून राख खातात."

"पोलिसांत जायचं?"

"जाऊ. पण हे लोक तुझ्यामाझ्या सांगण्यावर विश्वास ठेवणार नाहीत. आणि दहा दिवसांनी शंभरावा दिवस आहे. त्या दिवशी बागेचा तो कोपरा आश्रमासाठी स्वामींना लिहून द्यायचाय. कागद तयार आहेत."

म्हणजे खड्डे कायमचे गेले. बादलीबाईने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "मास्तर, मला पोलीस शंभराव्या दिवशी सकाळी सव्वानऊला हवेत. त्याआधी नकोत."

"पंधरा मिनिटं कशाला?"

"माझी आहेत ती."

पुढचे दहा दिवस वस्तीतल्या आठ बायका खड्ड्याकाठी बसल्या. टेम्पो येऊन गेला की हातमोजे चढवून पिशव्या ओढून काढायच्या, घरवार लावायच्या. बादलीबाई गाठ बघून नंबर सांगायची, सासूबाई खडूने लिहायच्या. दहाव्या दिवशी जुन्या चादरींत बांधून गाठोडी मोजली. पासष्ट भरली.

"एक जास्त आहे," सासूबाई म्हणाल्या. "कोणी चोरून लग्न केलं का?"

पासष्टावी गाठ अनोळखी होती, मऊ, घाईने मारलेली. बादलीबाईने ती सोडली आणि आतलं एकेक काढून चादरीवर मांडलं. आत अंगाला लावायच्या चंदनी पावडरीचे बावीस रिकामे डबे होते. चाळणीत उरलेले कोळशाचे खडे होते. आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची कागदी पिशवी. ती इस्त्रीवाल्याकडे गेली, तेव्हा तो म्हणाला, "हो, स्वामींचा माणूस रोज इस्त्रीतली राख नेतो. भांडी घासायला."

ज्याने शंभर दिवस लोकांना एकत्र कचरा टाकायला शिकवलं, त्याने स्वतःचाही एकत्रच टाकला होता. डबे वेगळे काढून भंगारवाल्याला दिले असते तर जन्मात सापडला नसता. बादलीबाईच्या चार वर्षांच्या शिकवणीला स्वामींनी नकळत केवढं मोठं प्रमाणपत्र दिलं होतं.

मास्तर आदल्या संध्याकाळी गाठोडी बघायला आले. त्यांना सगळं पसंत पडलं, एक सोडून. "लोकांच्या घरातलं असं चारचौघांत उघडायचं? बरं दिसत नाही."

"माझे खड्डे चारचौघांतच बुजवले, मास्तर."

"तुझं खरं. पण सगळ्यांनी सारखंच केलं का?"

ती खडूने नंबर पुन्हा गिरवू लागली. मात्र मास्तर गेल्यावर तिने बावन्न नंबरचं गाठोडं पुन्हा हातात घेतलं. त्या घरात लग्नाला सात वर्षं झालेली एक मुलगी होती. त्या पिशवीत काय काय रिपोर्ट आणि औषधांची वेष्टनं होती, ते बादलीबाईला चार वर्षांपासून माहीत होतं. तिने त्या गाठोड्यावर आणखी एक चादर घातली आणि वर सुतळीने घट्ट शिवून टाकलं.

शंभराव्या दिवशी पटांगणात मांडव होता. टेबलावर कागद, कागदावर पेन. सेक्रेटरीसाहेबांनी भाषण केलं. मग स्वामी पायऱ्या चढले आणि त्यांनी हात जोडले.

"कोणी विचारतं, हा कचरा गेला कुठे? अरे, ज्योत विझते तेव्हा कुठे जाते? या कुंडात दिलेलं परत येत नाही. आजवर आलेलं नाही, पुढे येणार नाही."

त्यांनी झाकण उचललं. आत न बघताच, सवयीने म्हणाले, "शून्य."

"शून्य कशाला? मी आहे ना," कुंडातून आवाज आला.

आणि सासूबाई उभ्या राहिल्या. केसांत राख, एका हातात पावडरीचा डबा. आत जायचं काम खरं तर सुनेचं होतं, पण भिंतीतल्या भोकात ती खांद्याशी अडली. मग सासूबाई म्हणाल्या, "बाजूला हो, तुला खाऊपिऊ घालून गुबगुबीत केलं, ते आज नडलं." टेम्पो गेल्यावर अर्धा तास त्या आत मांडी घालून बसल्या होत्या.

स्वामींच्या हातातलं झाकण निसटलं आणि ठणाणा करत पायऱ्यांवरून खाली गेलं.

"अदृश्य शक्ती..." स्वामींनी सुरुवात केली.

"अदृश्य नाही, पातळ आहे," सासूबाई म्हणाल्या. "कोणी हात द्या रे, गुडघे आखडले."

मास्तरांनी हात दिला. तेवढ्यात फाटकातून तीन हातगाड्या आत आल्या. पुढे बादलीबाई, मागे आठ बायका. गाड्यांवर गाठोडी, गाठोड्यांवर खडूने नंबर.

"जे परत येणार नव्हतं, ते आणलंय," बादलीबाई म्हणाली. "नंबर पुकारते, घेऊन जा. एक."

एक नंबर म्हणजे सेक्रेटरी. "हे आमचं नाही," ते म्हणाले. "काहीतरी कारस्थान आहे."

"दोन गाठी, वर रबर. पुढे बघायचं?"

"खुशाल बघा."

तिने बघितलं. हिरव्या चहाच्या पुड्या निघाल्या, सेक्रेटरींच्या नावाची पाकिटं निघाली, आणि कॉलनीच्या गेल्या निवडणुकीतल्या विरोधकांना मिळालेल्या मतांचे सतरा कागद निघाले, जे मोजणीत हरवले होते. विरोधकांनी ते लगेच जागच्या जागी मोजले. सेक्रेटरींना पुन्हा आकाशात पक्षी दिसला.

"दोन."

दोन नंबर साखरबंदीवर तासभर बोलणाऱ्या वहिनींचा. अकरा केकच्या खोक्यांनंतर त्यांनी स्वतःच पुढे येऊन गाठोडं घेतलं.

"तीन."

"आमचंच आहे ते," कवळीवाल्या काकू घाईघाईने म्हणाल्या. "उघडायची काही गरज नाही, बाई."

"उघडते ना. नीट खात्री करून द्यायची सवय आहे मला."

काकूंचं तोंड पांढरंफटक पडलं. बादलीबाईने गाठीवर बोट ठेवलं, सावकाश फिरवलं आणि काकूंच्या डोळ्यांत बघत बराच वेळ ते तिथेच ठेवलं. मग न उघडता गाठोडं त्यांच्या हातात दिलं. उघडलं असतं तर काकूंना एकदाच लाज वाटली असती. आता रोज वाटणार होती.

त्यानंतर माणसं नंबर पुकारायच्या आधीच धावत येऊन 'आमचंच, आमचंच' म्हणत आपापला कचरा छातीशी धरून नेऊ लागली. पहिल्यांदाच त्या कॉलनीत प्रत्येकाने आपला कचरा आपला म्हटला.

बावन्न नंबर तिने पुकारला नाही. चालत जाऊन त्या मुलीच्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "शिवलंय. कोणी बघितलं नाही."

मग ती पायऱ्या चढली आणि पासष्टावं गाठोडं स्वामींच्या पायांवर सोडलं. डबे गडगडत खाली गेले.

"मास्तर, मोठ्याने वाचा."

मास्तरांनी डबा डोळ्यांजवळ धरला. "चंदनयुक्त अंगपावडर. फक्त बाह्य वापरासाठी."

शंभर दिवस ती चिमूट चिमूट जिभेवर ठेवणाऱ्या माणसांचे चेहरे त्या क्षणी बघण्यासारखे होते. डॉक्टर, जे दोन चिमटी घ्यायचे, मांडवाच्या मागे गेले.

"बाकीची राख इस्त्रीची," बादलीबाई म्हणाली. "तुमच्याच शर्टांची. आणि ज्योत कुठे जाते विचारत होता ना? मागच्या गल्लीत. 'येथे कचरा टाकू नये' पाटी आहे, तिच्या मागून." ती कुंडात उतरली, झडपेला लाथ घातली आणि वर आली. सकाळी उघडीच ठेवलेल्या पाटीतून गल्लीतलं ऊन बुडाशी आत आलं. रांगेने डोकावायची सवय असलेली माणसं पुन्हा रांगेने डोकावून गेली.

आता गर्दीला राग आला. बाह्या सरसावल्या. कोणी खुर्ची उचलली.

"हात लावायचा नाही," बादलीबाई म्हणाली. "पोलीस यायला सात मिनिटं आहेत. तेवढी माझी."

तिने हिरवी आणि निळी अशा दोन बादल्या स्वामींपुढे ठेवल्या. "बसा. स्वतःचं गाठोडं वेगळं करा. ओलं इकडे, सुकं तिकडे."

स्वामींनी गर्दीकडे पाहिलं, खुर्ची उचललेल्या माणसाकडे पाहिलं आणि ते बसले. रेशमी कफनीच्या बाह्या वर करून त्यांनी केळ्याचं साल उचललं आणि निळीत टाकलं.

"चुकलं," ती म्हणाली. "परत."

"मला हे..."

"जो हात कुजकं हाताळतो, त्याला हळूहळू येतं. परत."

पोलीस आले, तेव्हा स्वामी अंड्याचं टरफल हातात धरून विचार करत होते. पोलिसांनी त्यांना गाडीत घातलं. त्याच दिवशी टेम्पोही सापडला. तोवर शहरातल्या आणखी दोन कॉलन्यांत कुंड बसवायची बोलणी झाली होती.

टेबलावरचे कागद तसेच होते. सेक्रेटरी ते गुपचूप घडी करून खिशात घालत होते. बादलीबाईने हात पुढे केला. त्यांनी दिले. तिने ते चार तुकडे करून निळ्या बादलीत टाकले.

"बाई, झालं गेलं," ते म्हणाले. "उद्यापासून तुम्ही या. आम्ही तुमची माफी मागतो सगळे."

"माफी ठेवा. दर रविवारी सकाळी सात वाजता चौसष्ट घरं आमच्या खड्ड्यावर. हातमोजे स्वतःचे आणायचे. खड्डा रिकामा होईपर्यंत वेगळं करायचं. मी खुर्चीत बसणार."

"किती रविवार?"

"तुम्ही नव्वद दिवसांचं घातलंय. मोजा."

अकरा रविवार लागले. बादलीबाई खुर्चीत बसली आणि तिने एकाही रविवारी कोणाला मदत केली नाही. काकू गुडघाभर चिखलात उभ्या राहून विचारायच्या, "बाई, हे थर्माकोल कुठे?" ती म्हणायची, "विचार करा, काकू." सासूबाई शेजारी स्टुलावर बसून प्रत्येकाला त्याच्या कचऱ्यावरून हाक मारायच्या. अकराव्या रविवारी पाण्याचा तळ दिसला. कपडे धुवायचं पाणी निवळायला त्यापुढे आणखी वर्ष लागलं, आणि ते वर्ष कोणी परत देऊ शकलं नाही.

सहाही खड्डे उकरले. मुरमाखाली गांडुळं मेली होती. कडेच्या ओल्या मातीत थोडी जिवंत सापडली, त्यांच्यापासून तिने पुन्हा सुरुवात केली.

पोलिसांचं काम झाल्यावर कुंडही परत मिळालं. बादलीबाईने त्याला भोकं पाडून घेतली आणि बागेच्या कोपऱ्यात सातवा खड्डा म्हणून ठेवलं. आता त्यात खरोखरच कचऱ्याचं रूप बदलतं आणि माती उरते. त्याला पन्नास दिवस लागतात, अधूनमधून वरखाली करावं लागतं, वास आला तर कोरडा पाला घालावा लागतो, आणि मागच्या खिडक्या उघड्या ठेवलेल्या चालतात.

त्यावर मास्तरांनी एक पाटी लावली आहे. कॉलनीत कोणी नवा साधू, नवं यंत्र किंवा नवा उमेदवार येऊन तुमची घाण, दुखणं किंवा काळजी चुटकीसरशी नाहीशी करतो म्हणाला, की लोक त्याला आधी त्या पाटीसमोर उभं करतात. पाटीवर दोनच ओळी आहेत.

नाहीसं काही होत नाही.
कुठे गेलं ते विचारा, आणि तिथे कोण राहतं तेही.